जुलैपासूनचे धडे

मास्तर, सुरुवातीलाच माफी मागतो. तुमच्याविषयी लिहिणारा मी कोण, हा प्रश्न मलाच पडला आहे, तो इतरांनाही पडेल. माझं अजून दृढीकरण झालेलं नाही. म्हणून चर्चच्या मंडळीच्या यादीत माझं नाव नाही. तुमच्या दफनाला मी नव्हतो. तुमचा मुलगा सुरतेहून आला होता म्हणे. लिहायचं तर त्याने लिहावं. पाळकसाहेबांनी मासिकात छापायला चार ओळी पाठवल्या आहेत, असं मंडळीचे सेक्रेटरी सांगत होते. त्यांत तुमचा जन्म असेल, सेवेची वर्षं असतील आणि ‘शांत स्वभावाचे’ हे शब्द नक्की असतील. शेवटच्या चार महिन्यांत तुम्ही कशामुळे शांत होता, ते मात्र नसेल.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिलेलं दाखवावं असं घरी कोणी नाही, आजवर ते तुम्हालाच दाखवत आलो. आता तुमच्यावरच लिहायचं आहे, म्हणजे चुका तशाच राहणार. त्या चालवून घ्या असं म्हणवत नाही. तुम्ही कधी चालवून घेतल्या नाहीत.

तुम्हाला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगतो, म्हणजे हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळेल. नवापूरच्या डोंगराकडच्या गावांत चर्च पुष्कळ आहेत, नाना मिशनांची. आपल्या पाड्यावरचं कौलारू मंदिर तेवढं अँग्लिकन रीतीचं. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी नवापूरहून येत. बाकीचे सगळे दिवस तुमचे. तुम्ही दीक्षा घेतलेले पाळक नव्हता, शाळेतले मास्तरही नव्हता. तुम्ही मंदिरात वाचणारे होता, म्हणून सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे. सकाळी आणि संध्याकाळी तुम्ही दाराशी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवायचा, प्रार्थना म्हणायचा आणि त्या दिवसासाठी नेमलेले दोन धडे बायबलातून वाचायचा. एक जुन्या करारातला, एक नव्यातला. कोणत्या तारखेला कोणता अध्याय, हे एका पातळ पुस्तिकेत छापलेलं असायचं. दर वर्षी ती टपालाने यायची. मग यायची बंद झाली.

शेवटची आलेली पुस्तिका तुम्ही पाच वर्षं वापरलीत. सण दर वर्षी पुढेमागे व्हायचे, छापलेल्या तारखा मात्र त्याच राहायच्या. त्यामुळे आपल्या पाड्यावर प्रभू कधी कधी वधस्तंभावर जाण्याआधीच उठायचे. येसूबाई, म्हणजे रोज न चुकता येणाऱ्या तीन म्हाताऱ्यांतली सगळ्यात बोलकी, दारातून बाहेर पडताना म्हणायची, “या साली लवकर उठले, मास्तर.” तुम्ही हसायचा नाहीत. “छापलंय तसं वाचलं,” एवढंच म्हणायचा.

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस अक्षरशः छापखान्याची पूजा करतो. हे मी तुमच्या माघारी बोललोही आहे. आता लपवून काय उपयोग.

गेल्या वर्षी नाताळच्या आधीच्या साफसफाईत तरुण संघाच्या पोरांनी मंदिरातली रद्दी बाहेर काढून पेटवली. जुनी गाण्यांची कागदं, फाटके पडदे, आणि तुमच्या मेजावरची ती पुस्तिका. सेक्रेटरी म्हणाले, “मास्तर, ती तर केव्हाची शिळी झाली होती. आता मोबाइल आहे ना.” तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वसतिगृहाच्या फाटकावर उभे होता. काळा कोट, वर मफलर, हातात कापडी पिशवी. पोरं वरच्या मजल्यावरून ओरडली, “योना, तुझा आजा आला रे!” तुम्ही मान वर करून त्यांना म्हणालात, “आजा नाही. मास्तर.” पोरं आणखीच हसली.

मला लाज वाटली होती. तुमची नाही, कोटाची. हेही लिहून टाकतो.

तो दिवस माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाला देणार नाही. नंदुरबारच्या स्टेशनाकडून आपण चालत निघालो. मिरच्यांच्या पथारीवरून वारा येत होता आणि तुम्ही दर दहा पावलांवर शिंकत होता. आधी ख्रिस्ती पुस्तकं ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो. त्या माणसाने फुलांची चित्रं असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर पुढे केलं. त्यात धडे छापलेले होते, पण फक्त रविवारचे. तुम्ही ते चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि त्याला विचारलंत, “सोमवारी काय करायचं?” तो म्हणाला, “सोमवारी दुकान बंद असतं, काका.” तिथून मी पूर्वी ती पुस्तिका छापणाऱ्या कचेरीला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ चांगले होते, पण ते म्हणाले की रोजचे धडे आता कोणी मागत नाही, म्हणून छापत नाही. मी फोन ठेवला आणि तुम्हाला सांगितलं, “साहेब जागेवर नाहीत.” तुमच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

मग मी फोनवर शोधत बसलो. बराच वेळ गेला. शेवटी एका इंग्रजी पानावर सापडलं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा धडा, ओळीने. तुमच्यापुढे धरलं. तुम्ही बोट लावलंत आणि मार्चचा महिना निघून गेला. पुन्हा लावलंत तर कसली तरी जाहिरात आली. “छापून दे,” तुम्ही म्हणालात.

झेरॉक्सच्या दुकानातला टायपिंग करणारा भाऊ अजून विचारतो, बाबा कसे आहेत म्हणून. त्याला अजून सांगितलेलं नाही. मी इंग्रजी नावं वाचून मराठीत सांगत होतो, तो बडवत होता, आणि तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्रत्येक आकडा माझ्याकडून दोनदा म्हणून घेत होता. दोन पानं झाल्यावर तो थांबला.

“हाई काय शे भो? लॉटरीना नंबर शेतस का?”

मी सांगितलं. त्याने तुमच्याकडे नीट पाहिलं. “हाऊ बाबा रोज दोन टाइम वाचस? मंग जेवस कव्हय?”

“वाचून झाल्यावर,” तुम्ही म्हणालात.

“मन्हा साठे बी एखादं वाची द्या बाबा. धंदा मंदा शे.”

“निवडून वाचत नाही मी. आजचा जो असेल तो तुझ्या वाट्याचा.”

तो हसला, मीही हसलो. मग तुम्ही मला हळूच विचारलंत, “हे ठरवलं कोणी?”

“माहीत नाही, मास्तर. तिकडे एखादी समिती असेल.”

“ते तुला ओळखतात?”

“नाही.”

“मला?”

“तुम्हाला कसे ओळखतील?”

“आपल्या पाड्यावरच्या कोणाला?”

“नाही हो.”

“मग ठीक आहे,” तुम्ही म्हणालात आणि स्टुलावर जरा मागे टेकून बसलात. तुम्हाला एवढं सुटल्यासारखं का वाटलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. माणूस म्हातारा झाला की काहीही विचारतो, असं मनाशी म्हणालो.

जूनच्या तीस तारखेपर्यंत टाइप झालं आणि तुमच्या गाडीची वेळ झाली. नवापूरहून पाड्यावर जाणारी शेवटची जीप चुकली असती. जुलैपासूनचं मी नंतर टाइप करून आणतो, असं म्हणालो. तुम्ही पिशवीतून पेन्सिल काढलीत आणि शेवटच्या पानाच्या तळाशी माझ्याकडून लिहून घेतलंत, ‘पुढे योना आणेल.’ तुमच्यासाठी ती नुसती नोंद होती. मी सहीसारखी ऐटीत लिहिली.

ती पानं तुम्ही सुईदोऱ्याने शिवलीत, कोंबड्यांच्या खाद्याच्या गोणीचा तुकडा कापून वर लावलात. सहा महिने तुम्ही इतके खुशीत होता की येसूबाई म्हणायची, मास्तर पुन्हा लग्न करणार दिसतात.

आता मेबद्दल लिहायला हवं. हे टाळता येईल का, याचा मी बराच विचार केला.

सुट्टीत मी पाड्यावर होतो. कॉलेजात मी एक शब्द शिकलो होतो, कर्मकांड. नवा शब्द हाती आला की माणूस तो कुठे वापरता येईल ते शोधत असतो. त्यात सेक्रेटरी येता-जाता मला टोमणे मारायचे. “काय रे योना, एवढं शिकतोस आणि त्या म्हाताऱ्याच्या याद्या छापतोस? मंडळी माईकवर गायला लागली, तुझा मास्तर अजून रूळच वाजवतो.” त्यांना उलट बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. मग मी ते कोणावर काढलं, तुम्हाला माहीत आहे.

संध्याकाळची प्रार्थना संपली होती. म्हाताऱ्या निघून गेल्या होत्या. तुम्ही कुलूप घेऊन दारात उभे राहिलात आणि विचारलंत, “जुलैचं आणलंस?”

“नाही आणलं.”

“जून संपायला आला की घाई होईल.”

“मास्तर, पाहिजे तर आत्ता लिहून देतो फोनवरून. वही द्या.”

“हाताने लिहिलेलं नको.”

“का? आकडे तेच ना?”

“हात तुझा आहे.”

हे काय उत्तर झालं? माझं डोकं सणकलं. म्हणालो, “मग बायबल उघडा आणि निघेल तो अध्याय वाचा. देवाला काय फरक पडतो?”

“मला पडतो. एकदा निवडला होता मी. पुरे झालं.”

कधी, कोणता, का, यातलं काहीही मी विचारलं नाही. इतकं जवळ आलं होतं. मला जिंकायचं होतं, म्हणून मी म्हणालो, “कर्मकांड आहे हे सगळं. मास्तर, तीन म्हाताऱ्या येतात. त्यांतली एक बहिरी. कोणासाठी वाचता तुम्ही?”

तुम्ही कुलूप लावलंत. ओढून पाहिलंत. मग म्हणालात, “शब्द चांगला आहे. जोडाक्षर नीट म्हटलंस.”

रागावला असता तर बरं झालं असतं. मी पाच वर्षांचा असताना तुमच्या ओट्यावर बसून ज्या बायबलातून अक्षरं शिकलो, ते तुमच्या काखेत होतं. आश्रमशाळेत माझं नाव घालायला माझे बा, म्हणजे वडील, आले नव्हते. तुम्ही स्वतः मला घेऊन गेला होता, फॉर्म तुम्ही भरला होता. जोडाक्षरं तुमची होती. मी तीच तुमच्यावर फेकली.

आणि तरीही, मास्तर, माझा राग अजून गेलेला नाही. एक वाक्य जास्त बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याने छापलेलं वाचलंत आणि स्वतःचं एक पान कोणाला वाचू दिलं नाहीत.

पुढचं सगळ्यांत वाईट आहे. जूनमध्ये नंदुरबारला परतल्यावर मी जुलैपासूनचे धडे टाइप करून घेतले. नोव्हेंबरच्या शेवटापर्यंतचे, म्हणजे चर्चचं वर्ष संपतं तिथपर्यंतचे सगळे. दोनदा तपासले. छापून, पंच करून, दोरा घालून तयार ठेवले. आपल्या बाजूचा जीपवाला रोज नवापूरच्या फाट्यावर उभा असतो. नंदुरबारहून नवापूरला जाणाऱ्या कोणाच्याही हाती पिशवी दिली असती तरी ती त्याच दिवशी तुमच्या हातात पडली असती. मी दिली नाही. तुम्ही आणखी एकदा विचारावं, असं मला वाटत होतं. निरोप येईल, मग पाठवू, असं म्हणत राहिलो. जुलै गेला. मग वाटलं, ज्या अर्थी विचारत नाहीत, त्या अर्थी त्यांनी काहीतरी सोय केली. मग परीक्षा आली.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा आईचा फोन आला. तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले होते. “परीक्षा होती ना तुझी,” आई म्हणाली, “मास्तरांनीच म्हटलं असतं, सांगू नका म्हणून.” आमच्याकडे शिकणाऱ्या पोराला असं सांभाळतात. त्याच्यापासून मरण लपवतात.

पाड्यावर आलो तर मंदिराला नवं कुलूप होतं. येसूबाई ओट्यावर नागलीची भाकरी थापत होती. तिने जे सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहितो. तुम्हाला ती कशी बोलते ते माहीत आहे.

“जुलै लागला ना, पोरा, तेव्हापासून मास्तर धड्याला उभे राहायचे, बायबल उघडायचे आणि गप्प. तोंडातून शब्द नाही. जेवढा वेळ वाचायला लागतो तेवढा वेळ उभे. मग म्हणायचे, ‘येथे पहिला धडा संपतो.’ आणि बसायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी पण बहिरी झाले. मी शेजारच्या बहिरीला कोपर मारलं, म्हटलं, तुला आलं का ऐकू? ती म्हणते, मला तर कधीच येत नाही, मला काय विचारतेस!” येसूबाई हसली आणि हसता हसता तिने तवा उतरवून ठेवला. “दुसरा धडा पण तसाच. बाकी सगळं म्हणायचे, स्तोत्र म्हणायचे, विश्वासदर्शन म्हणायचे, खणखणीत. फक्त धडा आला की गप्प. मी विचारलं, मास्तर, वाचत का नाही? म्हणाले, ‘पानं येतायत.’”

पानं येतायत.

सेक्रेटरींनी पंचांची बैठक घेतली. म्हातारा भ्रमिष्ट झाला, वाचायचं विसरला, दिवा-मेणबत्ती पेटवतो, एखाद दिवशी मंदिर जाळेल. पाळकसाहेब म्हणाले, प्रेमाने घ्या. मग सप्टेंबरात प्रेमाने तुमच्याकडून किल्ली मागितली. तुम्ही नाही म्हणालात. तर त्यांनी कुलूपच बदललं. त्यानंतरही काही दिवस तुम्ही रूळ वाजवायचा आणि बंद दाराबाहेर उभे राहायचा, असं येसूबाई म्हणाली. मग तोही काढून ठेवला गेला.

मला त्यांचा संताप येतो. जो माणूस पन्नास वर्षं त्यांच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयताला हजर होता, त्याला ‘का वाचत नाही’ हे येसूबाईशिवाय कोणी विचारलं नाही. तुमच्या दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांच्या आवडीचा अध्याय वाचला म्हणे. फार सुंदर वाचला, सगळे म्हणतात. पण हा संताप घेऊन मी कोणापुढे जाऊ? तुम्ही भ्रमिष्ट नव्हता हे सिद्ध करणारी पानं माझ्या ट्रंकेत होती.

एवढं लिहून थांबणार होतो. पण परवा माझ्या बाने तोंड उघडलं.

माझे बा मंदिरात जात नाहीत. आमचं घर मंदिरासमोर, पायवाटेच्या पलीकडे, तरी मी जन्मल्यापासून त्यांना आत गेलेलं पाहिलं नाही. मला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो. परवा मी अंगणात ती जुलैपासूनची पानं घेऊन बसलो होतो. काय करावं ते कळत नव्हतं. बा सुतारकामाची अवजारं पुसत होते. पानांकडे बघत म्हणाले, “हीच का ती?”

“तुम्हाला काय माहीत?”

हातातला रंधा त्यांनी खाली ठेवला. मग जे बोलले, ते मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याआधी मला एक बहीण होती, रिबका, ती तापाने गेली, एवढंच मला ठाऊक होतं. बा म्हणाले, “ताप उतरेना. दवाखान्यात नेली, परत आणली. मग मी भगताकडे गेलो. डोंगरावर कोंबडी दिली. कोणीही गेला असता. तरी पोर गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तुझी आई म्हणाली म्हणून मी मंदिरात गेलो. मास्तर धड्याला उभे राहिले. पुस्तिका मेजावर उघडी होती, तिच्याकडे पाहिलं नाही त्यांनी. बायबलात आधीच खूण घातलेली. जे दुसऱ्या देवांमागे जातात त्यांचं काय होतं आणि त्यांच्या लेकरांचं काय होतं, ते वाचलं. माझ्याकडे बघून वाचलं. मी उठलो आणि घरी आलो.”

मास्तर, मी तुम्हाला इथेच विचारतो, नंतर धीर होणार नाही. तुमच्या ओट्यावर बसवून मला जी अक्षरं शिकवलीत, ती मला शिकवलीत की रिबकाची भरपाई केलीत? मला शाळेत तुम्ही नेलंत की तुमच्या त्या एका संध्याकाळीने नेलं? मला उत्तर नको आहे. एवढं मात्र आज समजतं, की त्या दुकानात ‘ते आपल्यापैकी कोणाला ओळखत नाहीत’ हे ऐकून तुम्ही मागे टेकून का बसलात. कुलूप बदलेपर्यंत रोज उघडं बायबल हातात घेऊन गप्प उभं राहणं तुम्हाला सोपं वाटलं, पुन्हा एकदा निवडणं नाही.

मी बाला विचारलं, “मास्तर कधी आले नाहीत माफी मागायला?”

“दुसऱ्या दिवशी आले होते. मी दार उघडलं नाही. मग कधी आले नाहीत. बावीस वर्षं.” बाने पटाशी उचलली. “जुलैत आले.”

“जुलैत?”

“इथेच उभे होते. मी बसा म्हटलं नाही. म्हणाले, पानं संपली, पोराला निरोप दे.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही.”

“नाही.”

“का?”

बा पटाशीची धार अंगठ्याने बघत राहिले. “बघायचं होतं मला. पानं नसली की पुन्हा स्वतः निवडतात का.”

“मग?”

“नाही निवडलं.” ते म्हणाले. “आणि कुलूप बदलायला पंचांनी मलाच बोलावलं. मी बसवलं.”

मी ओरडलो असेन. काय बोललो ते आठवत नाही. आई आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.  मग मी बाला विचारलं, मास्तरांनी नेमका काय निरोप दिला होता. शब्द न् शब्द सांगा म्हणालो.

बाने तो चार महिने जपून ठेवला होता, असं दिसलं. जराही न अडखळता त्यांनी सांगितला.

“म्हणाले, ‘पोराला सांग, जुलैची पानं पाठव. घाई नाही, पण पाठव. आणि त्याने मला विचारलं होतं, कोणासाठी वाचता म्हणून. त्याला सांग, दार उघडं ठेवून वाचतो. आवाज तुझ्या अंगणापर्यंत पोचला की माझं काम झालं.’”

“पोचायचा?” मी विचारलं.

“रोज,” बा म्हणाले.